खातो भरपूर, पण अंगी लागत नाही: उंच, हाडकुळ्या बास्केटबॉलपटूचं वजन

प्रश्न असा आहे. मुलगा पंधरा पूर्ण, नुकताच दहावीत गेलेला. उंची पाच फूट अकरा इंच, वजन 54 किलो. गेल्या दीड वर्षात 13 सेंटिमीटर वाढला, आता वेग जरा मंदावल्यासारखा वाटतो. उंच म्हणून शाळेच्या संघात त्याला सेंटरला, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळच्या जागेला, उभं करतात, आणि त्याच्यापेक्षा तीन-चार इंचांनी कमी असलेली मुलं त्याला बाजूला सारून रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, घेऊन जातात. सर म्हणतात, वजन वाढव. जिममधल्या ट्रेनरने मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या भुकटीचा, डबा सुचवलाय. आजीचं म्हणणं, खातो भरपूर पण अंगी लागत नाही. वडिलांना दोन गोष्टी हव्या आहेत: वजनं उचलून उंची खुंटेल का, आणि दोन महिन्यांवर आलेल्या निवड चाचणीपर्यंत किती किलो वाढतील.

शाळा-कॉलेजच्या बास्केटबॉल संघांची ताकदीची तयारी करून घेणं हेच माझं काम आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

उंचीचं आधी मिटवून टाकू. नीट शिकवून, कुणीतरी लक्ष ठेवून करून घेतलेल्या वजनांच्या व्यायामाने उंची खुंटत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, 2020 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. जिममध्ये मुलांना दुखापती होतात त्या बहुतेक वेळा भलतं वजन, भलती पद्धत आणि मित्रांसमोर मारलेली शेखी यांमुळे. शिवाय एक लेअप, म्हणजे पळत जाऊन बास्केटजवळून उडीतला शॉट, मारून खाली उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो आपण रोज शंभरदा चालवून घेतो आणि दहा किलोच्या डंबेलला घाबरतो.

आता मूळ गोष्ट. तुमच्या मुलाच्या बाबतीत काही बिघडलेलं नाही. वयात येताना शरीर एक क्रम पाळतं: आधी उंची, मागोमाग वजन, आणि त्याच्याही मागून ताकद. मुलांमध्ये उंचीचा सगळ्यात जोराचा काळ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींमध्ये बाराव्या. त्या ऐन भरात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो. वजन वाढण्याचा वेग त्यानंतर काही महिन्यांनी टोकाला जातो, ताकदीचा सहा महिने ते वर्षभर उशिरा. उंचीतही पावलं सगळ्यांच्या पुढे असतात. दिवाळीत घेतलेले बूट उन्हाळ्यात होईनासे झाले की पुढचं ओळखावं. मग पाय लांब होतात, धड सगळ्यात शेवटी. म्हणून या वयाची पोरं नुसती पायच पाय दिसतात.

स्नायू मागे का राहतात? हाड लांब होतं तेव्हा त्याला जोडलेल्या स्नायूला आधी लांबी गाठावी लागते. त्याच्या टोकांना नवे तुकडे जोडले जातात, तो ताणून पुरा पडतो. जाडी नंतर येते, आणि मुलांमध्ये ती मुख्यतः टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर येते. ते संप्रेरक वयात येताना कित्येक पटींनी वाढतं, पण एका रात्रीत नाही. स्नायूतल्या तंतूंची संख्या जवळपास जन्माच्या वेळीच ठरलेली असते. पुढे वाढते ती त्यांची लांबी आणि जाडी. म्हणजे आत्ता तुमच्या घरात लांबीचं काम उरकत आलंय आणि जाडीचं सुरू होतंय. वजन वाढवायला हाच काळ सगळ्यात चांगला. दोन वर्षांपूर्वी एवढीच मेहनत केली असती, तर ताकद थोडी वाढली असती (लहान वयात ती मज्जासंस्था शिकते म्हणून वाढते), अंग मात्र फारसं भरलं नसतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे मोजणं. भिंतीला टेप चिकटवा, पहिल्या तारखेला सकाळी अनवाणी उंची घ्या आणि वहीत लिहा. एका महिन्याच्या आकड्यावर जाऊ नका, अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज होते. सहा महिन्यांचा फरक बघा. चार-पाच सेंटिमीटर असेल तर अजून जोरात वाढतोय. दोनच्या आसपास असेल तर शिखर मागे पडलं. याच्या जोडीला डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा: आवाज फुटला का, मिसरूड आलं का, खांदे रुंदावायला लागले का. आणि घरातले जुने अल्बम काढा. वडील, काका, मामा बावीस-तेविसाव्या वर्षी कसे दिसत होते ते बघा. सगळेच शेलाटे असतील तर हाही वीस-बाविशीपर्यंत शेलाटाच राहणार, आणि त्यात वाईट काही नाही.

मोठ्या खेळाडूंचं उदाहरण द्यायचं तर मी यानिस आंतेतोकोम्पोचं देतो. अथेन्समध्ये नायजेरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला, रस्त्यावर वस्तू विकून घराला हातभार लावणारा मुलगा. 2013 मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या मिलवॉकी बक्स संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, उंची सहा फूट नऊ आणि वजन सुमारे 89 किलो. पहिल्या हंगामात सामन्याला सात गुणही पडले नाहीत. त्यानंतरही तो दोनेक इंच वाढला, आणि आज त्याचं नोंदलेलं वजन 110 किलोच्या आसपास आहे. 2019 आणि 2020 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. या गोष्टीत लोक वीस किलो बघतात, मी त्याला लागलेली वर्षं बघतो. दिमतीला आहारतज्ज्ञ, ट्रेनर, स्वयंपाकी, दिवसभर दुसरं काम नाही, आणि तरी सरासरी पडते वर्षाला तीन-चार किलो. शाळा, क्लास, बसचा प्रवास सांभाळणाऱ्या पोराकडून दोन महिन्यांत दहा किलो मागणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

एनबीएच्याच केविन ड्युरंटला 2007 च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत 84 किलोची बेंच प्रेस एकदाही मारता आली नव्हती. त्याच ड्राफ्टमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी नवोदितांत सर्वोत्तम ठरला. छातीवर किती वजन उचलतो यावर बास्केटबॉल ठरत नाही, एवढंच त्यातून घ्यायचं. ताकद नकोच, असं मात्र कुणी समजू नये.

आता आजीच्या वाक्याकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. ‘खातो भरपूर’ हे मी शेकडो घरांत ऐकलंय आणि वहीत लिहून काढलं की बहुतेक वेळा ते भरपूर नसतं. मुलगा एका बैठकीला तडस लागेपर्यंत जेवतो, ते सगळ्यांना दिसतं. त्याआधीचे सहा तास तो चहा-बिस्किटांवर होता, ते कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडचा नेहमीचा दिवस घ्या. सकाळी बशीभर पोहे, डब्यात तीन पोळ्या-भाजी, संध्याकाळी ग्राउंडबाहेर वडापाव, रात्री दोन-तीन पोळ्या, वरण-भात, झोपताना कपभर दूध. याची बेरीज साधारण 1800 कॅलरी आणि 50 ग्रॅम प्रथिनं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या तक्त्यात तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाची गरज 2860 कॅलरी दिली आहे आणि सोळा ते अठराची 3320. त्यात रोज दोन तास कोर्टवर पळणाऱ्या मुलाचं वेगळं खातं नाही. म्हणजे रोज हजार कॅलरींचा खड्डा, आणि वर आपण म्हणतो अंगी लागत नाही. लागायला काही उरतच नाही.

प्रथिनांचं गणित सोपं आहे. वजन वाढवू पाहणाऱ्या खेळाडूला किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम पुरतात. 54 किलोला झाले 86. हे एकाच जेवणात कोंबायचे नाहीत, दिवसाच्या चार-पाच खाण्यांत वाटायचे. वरच्याच दिवसात एवढीच भर घाला: गाईचं अर्धा लिटर दूध, तीन अंडी, पन्नास ग्रॅम शेंगदाणे, दोन केळी. यातून सुमारे 1050 कॅलरी आणि 48 ग्रॅम प्रथिनं येतात. खड्डा बहुतेक भरला, आणि घरात वेगळा स्वयंपाक करावा लागला नाही. अंडी चालत नसतील तर कोरडे सोयाबीनचे तुकडे पन्नास ग्रॅम भाजीत टाका, त्यातच 25 ग्रॅम प्रथिनं असतात. पनीर, फुटाणे, मोड आलेली कडधान्यं, दही, जे घरात चालतं ते. पातळ वरणावर मात्र भिस्त ठेवू नका, वाटीत डाळ कमी आणि पाणी जास्त असतं. पोळीला तूप लावा, भाकरीवर लोणी घाला, थालीपिठाबरोबर दही द्या. या वयात, एवढ्या पळापळीत, हे सगळं खपून जातं.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो दोन वेळांमुळे: प्रॅक्टिस संपल्यावरचा तासाभराचा वेळ आणि शाळेतली मधली सुट्टी. दोन डबे द्या. दुसऱ्या डब्यात शेंगदाणा-गुळाचे लाडू, उकडलेली अंडी, केळी, असं हातात धरून खाता येईल ते असू द्या. भूक नसली तर पिऊ द्या, दूध, केळं आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट मिक्सरला फिरवून. भरल्या पोटी दोन पोळ्या जात नाहीत, पण हा ग्लास जातो.

आणि हेच तुमचं मास गेनर. विकतच्या डब्यावरची यादी वाचलीत तर बहुतेकांत पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन दिसेल, म्हणजे पिष्टापासून केलेली स्वस्त साखरेसारखी भुकटी. ‘चमच्यामागे एवढ्या कॅलरी’ असं लिहिलेलं असतं, पण तो चमचा बघा, वाडग्याएवढा असतो. साधी व्हे पावडर म्हणजे दुधातलं प्रथिन, ते विष नाही, पण वरचं खाणं झालं असेल तर गरजही नाही. क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी घेतात ती भुकटी, अठराच्या आत नको, या मताचा मी आहे आणि बालरोगतज्ज्ञांचाही सूर तोच आहे. अनोळखी कंपनीच्या डब्यात लेबलवर नसलेली उत्तेजकं निघू शकतात. उद्या मुलगा राष्ट्रीय स्पर्धेत गेला आणि नाडाच्या, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत सापडला, तर ‘ट्रेनरने दिलं होतं’ हे कारण कुणी ऐकत नाही. संघाची जर्सी घातलेल्या मुलाला पावती न देता काहीतरी विकणाऱ्या माणसाशी मी स्वतः फार गोड बोलत नाही.

व्यायामाचं: आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, पाऊण तास. पहिले सहा आठवडे फक्त पद्धत शिकायची. एक बैठकीचा प्रकार, छातीशी डंबेल धरून. एक कंबरेतून वाकून उचलण्याचा. एक ढकलण्याचा, म्हणजे दंड किंवा पुश-अप. एक ओढण्याचा, म्हणजे पुल-अप किंवा रोइंग. एका पायावरचा एक, लंज किंवा बाकावर चढणं. शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. प्रत्येकाचे तीन सेट, आठ ते बारा वेळा, आणि शेवटी अजून दोन-तीन निघतील एवढा दम शिल्लक ठेवून थांबायचं. बारा सहज जमले की वजन थोडं वाढवायचं आणि वहीत लिहायचं. वही नसेल तर पोरं महिनोन् महिने तेच डंबेल उचलत राहतात. उंच मुलांची मांडी लांब असते, त्यामुळे खाली बसताना टाच उचलली जाते आणि पाठ वाकते. त्यांच्या टाचेखाली पातळ फळी द्या, आणि खांद्यावर बार घेण्याची घाई करू नका.

तालमीतल्या दंडांचा मी चाहता आहे. खांदे, छाती, पोट, सगळं एकत्र कामाला लावणारा इतका स्वस्त व्यायाम दुसरा नाही. दोनशे-तीनशे जोर-बैठकांचं मात्र वजनासाठी मला कौतुक नाही. त्यात दम वाढतो, भार वाढत नाही. आणि गुडघ्याखालचं हाड दुखणाऱ्या मुलाला दोनशे बैठका म्हणजे दुखणं विकत घेणं. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे मांडीच्या स्नायूची दोरी (कंडरा) हाडाला जोडलेली असते, तिथे टेंगूळ येऊन दुखतं. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात त्याला, आणि वाढीच्या जोरात असलेल्या उड्या मारणाऱ्या मुलांत ते खूप दिसतं. बहुतेकांचं वाढ थांबली की जातं. तोवर उड्या कमी करायच्या, मांडीची ताकद दुखणार नाही अशा बेताने ठेवायची. खेळ पूर्ण बंद करण्याची वेळ क्वचितच येते. याच काळात हाडंही थोडी मागे असतात. लांबी आधी वाढते, खनिजं भरणं काही महिने मागून येतं, म्हणून या वयात हात मोडण्याचं प्रमाण जास्त. मोठ्या माणसाच्या हाडांतली जवळपास पाव खनिजं वाढीच्या शिखराच्या आसपासच्या दोन वर्षांत साठतात. दूध आणि ऊन दोन्ही हवं, आणि आमचे बरेच खेळाडू आता झाकलेल्या हॉलमध्येच खेळतात.

दहावीबद्दल मला जरा कडू बोलायचंय. मुलांच्या शरीरात स्नायू भरण्याचा जो काळ, पंधरा ते सतरा, नेमका त्याच काळात आपण खेळ बंद करतो. आधी दहावी, मग अकरावी-बारावीचे क्लास. दोन वर्षं बाकावर, रात्री एक वाजेपर्यंत जागरण, आणि नंतर एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या संघात आलेला मुलगा म्हणतो, सर, बॉडीच बनत नाही. मी प्रॅक्टिस रोज दोन तास करा म्हणत नाही. बोर्डाच्या वर्षात सामने सोडा हवं तर, पण आठवड्यातले ते दोन पाऊण तास सोडू नका. शनिवार आणि बुधवार, घरी, दोन डंबेल आणि दाराच्या चौकटीवरचा बार, एवढ्यात होतं. अभ्यासाचं यात काही बुडत नाही.

झोप त्याहून महत्त्वाची. या वयाला आठ ते दहा तास लागतात. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं. सकाळी सहाला ग्राउंड आणि रात्री बाराला मोबाइल, तर दुधाचा अर्धा लिटर वाया. आणि कुणी शिक्षा म्हणून पंधरा राउंड मारायला लावत असेल, शाळा-क्लब-शिबिर तिन्हीकडे खेळवत असेल, तर एक काहीतरी कमी करा. जे खाल्लं ते पळण्यातच जातंय.

आता बास्केटच्या बोर्डाखालचं ढकलणं. वजन येईपर्यंत मुलगा काय करणार? खाली बसायला शिकणार. उंच मुलं सरळ उभी राहून रिबाउंडची वाट बघतात आणि कुणीही कंबरेखाली लागला की उडतात. शॉट सुटल्याबरोबर चेंडूकडे बघण्याआधी आपला माणूस शोधायचा, एक पाय त्याच्या पायांपुढे टाकायचा, बूड त्याच्या मांडीवर टेकवायचं, कोपर बाहेर, मग चेंडू. हा बॉक्स आउट 54 किलोच्या मुलालाही 65 वाल्यासमोर जमतो. आधी जो खाली बसतो तो जिंकतो.

सरांना एक विनंतीही करा: उंच आहे म्हणून त्याला फक्त सेंटरला बांधून ठेवू नका. लवकर उंच झालेली मुलं पुष्कळदा पाच फूट अकरा किंवा सहा फुटांवर थांबतात. मग वरच्या गटात ती सेंटरसाठी बुटकी ठरतात आणि ड्रिबल शिकलेली नसते. याची उलटी बाजू एनबीएतल्या अँथनी डेव्हिसची. शाळेत तो गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा, होता, मग दोनेक वर्षांत जवळपास वीस सेंटिमीटर वाढला, आणि गार्डचं चेंडू-कौशल्य हातात तसंच राहिलं. 2012 च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला.

मुलींच्या पालकांसाठी थोडं वेगळं. मुलींमध्ये उंचीच्या जोरानंतर वजन वाढतं त्यात चरबीचा वाटा नैसर्गिकरीत्या जास्त असतो आणि काही महिने उडी कमी झाल्यासारखी वाटते. त्यावर कुणी ‘जाड झालीस, भात बंद कर’ म्हणालं की पुढची दोन वर्षं वाया जातात. तिलाही हेच खाणं आणि हीच वजनं हवीत, शिवाय उडीवरून उतरताना गुडघे आत जाऊ नयेत याचा सराव, कारण गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा बराच जास्त असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. दम लागतो, वजन वाढत नाही म्हणून मेहनत वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. पाळी तीन महिने चुकली तर डॉक्टरांकडे जा. कमी खाऊन जास्त खेळण्याची ती बऱ्याचदा पहिली खूण असते.

निवड चाचणीपर्यंत किती? महिन्याला अर्धा ते एक किलो हा चांगला वेग. म्हणजे दोन महिन्यांत एक ते दोन किलो. कोर्टवर तो फरक जाणवणार नाही, बॉक्स आउटचा जाणवेल. त्यामुळे या दोन महिन्यांत खाणं आणि वजनांचा सराव सुरू करा, पण निवडीच्या आशेने त्यात कोंबाकोंबी करू नका. एका वर्षात 60-62, अठरापर्यंत 68-70 असा अंदाज मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला असता. त्यापुढचं विशीनंतर, पंचविशीपर्यंत भरत राहतं.

हे सगळं नीट करूनही सहा महिने काटा हलला नाही, किंवा वजन उतरलं, तहान आणि लघवी वाढली, जुलाब लांबले, छाती धडधडते, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि उंची-वजनाची वही सोबत न्या. फार उंच आणि फार बारीक मुलांबाबत आणखी एक गोष्ट आहे. पसरलेले हात उंचीपेक्षा स्पष्टपणे लांब, बोटं लांबसडक, छातीचं हाड आत गेलेलं किंवा पुढे आलेलं, लहानपणापासून मोठ्या नंबरचा चष्मा, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं, यांतलं दोन-तीन एकत्र दिसलं तर मार्फान सिंड्रोम या जन्मजात विकाराची शंका घ्यावी लागते. त्यात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कमकुवत असते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन 1986 मध्ये त्यानेच गेली. बेलर विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू आयझाया ऑस्टिन याचं निदान 2014 मध्ये ड्राफ्टच्या तोंडावर झालं. तुमच्या वर्णनात असं काही नाही, पण हात पसरून एकदा मोजून घ्या. शंका वाटली तर जड वजनांना हात लावण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.